आफ्रिकेतला स्फोट आणि नाटे गावाकडची आग

इतकी वर्षं उलटली, तरी ती सकाळ मला विसरता आलेली नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रत्नागिरी जिल्ह्यात, नाटे गावाच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. हजेरी चालू असतानाच एक तरुण विधवा आत आली. पदर काजळीने काळा झालेला, हात भाजलेला. पहाटे कुणीतरी तिच्या मागच्या पडवीला आग लावली होती.

तिचा नवरा आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजधानीत हॉटेलात आचारी होता. अतिरेक्यांनी त्या शहरात एकाच संध्याकाळी ठिकठिकाणी स्फोट घडवले, त्यातल्या त्याच्या हॉटेलातल्या स्फोटात तो गेला. त्याची माती तिकडेच झाली. काही महिन्यांनी गावात कुजबुज सुरू झाली की बॉम्ब स्वयंपाकघरातून आत गेला आणि तो यानेच नेला. मग ती विहिरीवर आली की बायका कळशा उचलून निघून जाऊ लागल्या.

हवालदार फिर्याद लिहीत होता. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"पडवी मी परत बांधीन, सायेब. पण माज्या घोवान माणसं मारलान असं कोण सांगतो, तो मला समोर हवा."

पंचनामा करून परतताना एका मासळीवालीने हवालदाराच्या कानावर घातलं की पहाटे बंदरावर जाताना तिने बाईच्या चुलत दिराला रॉकेलचा डबा घेऊन पडवीमागून जाताना पाहिलं. जबाब द्यायला मात्र ती तयार नव्हती. खुन्याच्या बायकोची बाजू घेतली, तर गाव आपल्यालाही वाळीत टाकील, ही तिची भीती.

दिराला आणून बसवलं. गडी शांत होता. तिच्या बाजूने गावात एक माणूस बोलणार नाही, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. ते खरं होतं. त्या अफवेचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत एकही साक्षीदार पुढे येणार नव्हता.

चौकशीत कळलं की त्याच हॉटेलातला एक वेटर स्फोटातून वाचून वेळणेश्वरला घरी परतला आहे. मी गेलो. बाईही हट्टाने सोबत आली. वेटरचा एक कान कामातून गेला होता. त्याला त्यातलं काहीच आठवायचं नव्हतं. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"तुम्ही सांगा. मी ऐकेन."

मग त्याने सांगितलं. बॉम्ब जेवणाच्या दालनात फुटला होता. आचारी मागच्या दाराने सुखरूप बाहेर पडला होता. भांडी घासणारी एक म्हातारी आत अडकली म्हणून तो परत गेला. तिला त्याने दारापर्यंत आणलं, तेवढ्यात छत कोसळलं. ती म्हातारी त्याच देशातली होती. ती वाचली.

बाई रडली नाही. हेच गावात येऊन सांगाल का, एवढंच तिने विचारलं.

तो आला. देवळासमोर गाव जमवून मी त्याला उभं केलं. त्याने सगळं सांगितलं. गर्दीतून मासळीवाली पुढे आली आणि माझा जबाब लिहून घ्या म्हणाली. ते ऐकल्यावर गर्दीतच उभ्या असलेल्या दिराचं अवसान गळालं. त्याने आग लावल्याचं कबूल केलं; वहिनी कंटाळून माहेरी गेली की तिच्या नवऱ्याची आंब्याची बाग आपल्याला मिळेल, म्हणून अफवाही त्यानेच उठवली होती. त्याने दाखवलेल्या जागेवरून, करवंदीच्या जाळीतून, आम्ही पंचांसमक्ष डबा जप्त केला.

खटला उभा राहण्याआधी गावातली मोठी माणसं तडजोड घेऊन तिच्याकडे गेली. घरातली गोष्ट आहे, मिटवून टाक, म्हणाली. तिने चहा दिला आणि कोर्टात मी येणार, असं सांगितलं. ती प्रत्येक तारखेला आली. त्याला शिक्षा झाली.

स्फोट घडवणारे माझ्या हद्दीपासून हजारो मैल दूर होते. त्यांचं मी काहीच करू शकत नव्हतो. पण त्यांनी मारलेल्या माणसाची बदनामी माझ्या हद्दीत चालली होती, आणि ती थांबवणं हे पोलिसाचंच काम आहे, हे मला त्या बाईने शिकवलं. मी तिथून बदलून गेलो तेव्हा ती बागेत कलमांना आळी करत होती. गाव सोडायचा विचार कधी आला होता का, असं मी विचारलं.

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली आणि कुदळ उचलली.