साडभाऊंची विलायत

आमच्या थोरल्या साडभाऊंच्या तोंडाला कुलूप घालील असा माणूस भंडारा जिल्ह्यात जन्मला नव्हता. तुमसरला त्यांची राइस मिल. मिल सुरू असली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण साडभाऊंचं रस्त्यापलीकडे ऐकू जाई. एसटीत बसले की दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायचे, कंडक्टरला सासुरवाडीशी कसं वागावं ते सांगायचे आणि साकोलीला आमच्याकडे उतरेपर्यंत निम्म्या गाडीशी नातं जोडून मोकळे व्हायचे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींना "सावकाश होऊ द्या जी, कायची घाई हाये?" म्हणून थांबवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांचा आवडता विषय एकच, डॉक्टर मुलगा. तो इंग्लंडला शिकायला गेला तेव्हाच साडभाऊंनी मिलसमोरच्या जागेत त्याच्यासाठी दवाखाना बांधायला काढला. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आत नेत. "इथं बाबू बसन, इथं पेशंट. पायऱ्या कमी ठेवल्या, म्हाताऱ्या बायाइले चढता आलं पाहिजे ना!"

दवाखाना उभा राहिला, बाबू काही येईना. शेवटी एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास साडभाऊच बायकोला, म्हणजे आमच्या मेव्हणीबाईंना, घेऊन त्याला आणायला गेले. मुलानं सुट्टी काढली आणि आईबापांना मोटारीतून खेड्यापाड्यांमधून पार समुद्रापर्यंत फिरवायचं ठरवलं.

पुढची हकिगत मेव्हणीबाईंनी सांगितली. साडभाऊ मुलाशेजारी बसले आणि सुरू झाले. "अरे, सारं गवतच पेरलं काय यायनं? एक बांधी दिसून नाही राहिली धानाची!" शेतांचे दगडी धुरे, म्हणजे बांध, दिसले की गाडी थांबवायला लावत आणि उतरून माती चुरगाळून हुंगत. एकदा शेताचा मालक कुत्रं घेऊन धावत आला. साडभाऊंनी त्याला सुपारी देऊ केली आणि धुऱ्यावरून भावकीत कशी भांडणं लागतात ते अस्सल झाडीबोलीत समजावलं. गोरा बराच वेळ मान डोलवत होता. त्याचंही कोणाशी तरी धुऱ्याचं भांडण असावं.

मेव्हणीबाईंच्या ध्यानात मात्र दुसरंच येत होतं. "बाबू रोज म्हणे, 'बाबा, मले तुमाले एक सांगाचं हाये.' अन् हे लगेच म्हणत, 'ते मेंढी पाह्य, ते मेंढी पाह्य!' यायले समजलं होतं जी सारं. म्हणून तर तोंड बंद नाही केलं."

समुद्र आला आणि रस्ता संपला. किनारा गोट्यांचा, वारा अंग कापणारा. तिथं मुलानं सांगून टाकलं. त्याची नोकरी कायम झाली होती, तो तुमसरला परत येणार नव्हता.

साडभाऊ परतले ते मुके होऊन. स्टेशनावर हार घेऊन माणसं आली, पुढे घरी गर्दी झाली. "विलायत कशी हाये जी?" कोणी विचारलं की "चांगली हाये," एवढंच. गावानं निकाल दिला, विलायतेचा माज आला. वर्षानुवर्षं त्यांच्या दारात फुकटचा चहा प्यायलेल्यांनीच तो दिला. मुलगा दर दिवाळीला रंगीत कार्ड पाठवी आणि त्यावर नेमकं समुद्राचंच चित्र असे. दवाखान्यात कोंड्याची पोती रचली गेली.

एका मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. भर दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच. ते आपणहून बोलले.

"सांगतांनी बाबूच रडला जी. मी काय करतो? म्हणलो, रडू नोको बाबू, तुले गाडी चालवाची हाये."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"थंडी लय होती तिथं," ते म्हणाले, आणि तुमसरच्या त्या उन्हात त्यांनी दुपट्टा अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.