चढता आकडा

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. तोडणीआधी फडात जाऊन उसाला सुई टोचायची, रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर घ्यायचा आणि उजेडाकडे धरून गोडीचा आकडा वाचायचा, हे त्यांचं काम. लहानपणी ते मलाही मीटर डोळ्याला लावू द्यायचे. आकडा चढलेला असला की शेतकरी खूश, आबाही खूश.

निवृत्तीनंतर त्यांना हार्ट अटॅक आला. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आल्यावर महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. त्यात बीएनपी नावाची एक तपासणी होती. हृदयावर ताण आला की हा आकडा वाढतो आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधता येतो, असं डॉक्टरांनी मला दाराबाहेर सांगितलं. आबांचा आकडा उतरायला हवा होता. तो वाढला होता.

मी आत आले तोवर आबांनी चष्मा लावून जुना-नवा रिपोर्ट शेजारी शेजारी धरला होता.

"चढलाय की गं!"

त्यांचा चेहरा उजळला होता. मी नुसती होकाराची मान हलवली.

आमच्या गावी, कोऱ्हाळ्यात परतल्यावर त्यांनी तो कागद बांधाशेजारच्या तात्यांना दाखवला. "बघा तात्या, तुमच्या उसापरीस माझं रगात बरं हाय."

"व्हय की. मग तोड कवा घालायची?"

दोघं खोकला येईपर्यंत हसले. चहा गाळायच्या निमित्ताने मी आत गेले आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरला, माझ्या शाळेवर निघून आले.

चार दिवसांनी आईचा फोन आला. आबांनी गोळ्या बंद केल्या होत्या. 'आकडा चढलाय, आता कशाला?' म्हणत होते. शाळा सुटताच मी एसटी धरली.

त्यांचे पाय सुजले होते. मी शेजारी बसले. "आबा, रक्ताचं उलटं असतं. हा आकडा उतरायला पाहिजे."

त्यांनी सुजेवर बोट दाबलं आणि पडलेला खळगा बघितला.

"तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही खूश होता."

"शेतकरी तोंडाकडं बघत उभा असायचा माझ्या. तरी कुनाला खोटा आकडा दिला न्हाय मी." मग आईला म्हणाले, "गोळी आन."

पुढे वर्षभर प्रत्येक रिपोर्ट मी दवाखान्याच्या बाकावरच त्यांना वाचून दाखवला. दोनदा आकडा उतरला, मग चढतच गेला. ऐकून ते "बरं" म्हणायचे आणि पुढचं वाचायची वाट बघायचे. ते दिवस वाईट होते असं आज वाटत नाही. वडिलांच्या इतक्या जवळ मी मोठेपणी कधी बसले नव्हते.

शेवटचा रिपोर्ट वाचताना मी आकड्यापाशी आले आणि थांबले. मी कागद मिटायला लागले, तसा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नीट वाच. घाई न्हाय."

मी पहिल्या ओळीपासून वाचला.