टेबलाखालची बोटं

एम. ए.चा लघुप्रबंध चांगला कशाने होतो, असं मुलं विचारतात. मी मांडणी, संदर्भ, निष्कर्ष असं काहीबाही सांगतो. खरं तर प्रबंध हातात आला की मी आधी संदर्भसूची उघडतो आणि तिथे माझं पुस्तक शोधतो.

परवाच्या तोंडी परीक्षेतल्या मुलीच्या सूचीत ते नव्हतं. तिचा विषय होता गुरांच्या बाजारातली भाषा. व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात आणि बैल शेजारीच उभा असतो. अनेक बाजार फिरून शेवटी तिने लिहिलं होतं, 'बाईमाणसाचा हात उपरण्याखाली कुणी घेत नाही, म्हणून ही भाषा मला कळली नाही.' त्या दिवशीच्या सगळ्या गठ्ठ्यात जिवंत वाक्य तेवढं एकच होतं. त्याखाली मी लाल शाईने लिहिलं, 'निष्कर्ष अपुरा.'

"कळलं नाही, असं प्रबंधात लिहितात का गं?" मी विचारलं.

"पण नाहीच कळलं, सर."

विद्यार्थ्यासमोर गुण बोलायचे नाहीत, ही आमची रीत. तिच्या मार्गदर्शक बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी टेबलाखाली सात बोटं दाखवली. मी एकच पंजा दाखवला. बाईंनी मान डोलावली. टेबलाला पुढून फळी नाही आणि मुलगी समोरच बसली आहे, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मुलगी उठली. "येते, सर," ती म्हणाली. "आता कळली ती भाषा."

दहापैकी पाच लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही.