पाचवं नाकं

कॅनडात नॉर्थ यॉर्कला ताराबाई कर्णिकांकडे भाड्याने राहायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला दोन नियम पाळावे लागत. वॉशरूम कोरडी ठेवायची आणि रात्री पडलेलं स्वप्न घरात सांगायचं नाही. दुसरा नियम ऐकून मुली हसत. हसोत बापड्या! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ताराबाईंचं घरदार एका स्वप्नापायी गेलं होतं. १९७२ साली युगांडाचा राष्ट्राध्यक्ष इदी अमीन म्हणाला, मला स्वप्नात आदेश झालाय, आशियाई लोकांना देशाबाहेर काढा. मुदत नव्वद दिवसांची. बंडाळी करून गादीवर बसलेला हा माणूस, आठ वर्षांत हजारोंना मारून पळाला आणि म्हातारा होऊन परदेशी इस्पितळात मेला. त्याला अंथरूण मिळालं, याचा ताराबाईंना अजूनही संताप येई.

त्यांचे यजमान बळवंतराव कंपालाच्या शाळेत गणित शिकवत. विमानतळाच्या वाटेवर सैनिकांची तपासणीची पाच नाकी लागली. दुसऱ्या नाक्यावर त्यांना बसमधून उतरवलं. "तू पुढे हो, मी आलोच," एवढंच ते म्हणाले. ताराबाई पोटुशी होत्या. त्या पुढे झाल्या.

कॅनडात त्यांनी कोटांच्या कारखान्यात शिवणकाम करून प्रतापला वाढवलं. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेला हाच पत्ता दिलेला, म्हणून चव्वेचाळीस वर्षं भाड्याचं हे घर सोडलं नाही. नाक्यांची गोष्ट मात्र त्यांनी मुलालाही कधी सांगितली नाही.

"आई, इनफ नाऊ! बाबा येणार नाहीत. कॅल्गरीला ये," असं प्रताप दर फोनला म्हणे. शेवटी २०१७च्या हिवाळ्याआधी त्या कबूल झाल्या. तो शनिवारी न्यायला येणार होता.

गुरुवारी सकाळी शिवांगी चहा पिताना नियम विसरली. राहायला येऊन सहाच आठवडे झाले होते तिला.

"आजी, सो वियर्ड! स्वप्नात एक सर आले होते. डाव्या हाताला खडू लागलेला..."

ताराबाईंनी गप्प करायला हात उचलला, तो तसाच राहिला. बळवंतराव डावखुरे होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाचवं नाकं झालं. आता कुठे वळायचं?"

ताराबाईंनी लगेच हॅलिफॅक्सला गुंजनला फोन लावला. दोन वर्षांपूर्वी ती त्याच खोलीत राहायची.

"हो आजी, चौथं नाकं म्हणाले होते. मी सांगायला लागले, तर तुम्ही केवढ्या ओरडलात!"

मग फोन तिच्या आधीच्या, वसईच्या जेनेलला. तिला तिसरं नाकं आठवत होतं. तिलाही ताराबाईंनी तोंड उघडू दिलं नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला. अमीनने नवऱ्याला एका नाक्यावर अडवलं. पुढच्या प्रत्येक नाक्यावर मात्र आपणच बंदूक घेऊन उभ्या होतो, हे त्यांना कळलं आणि त्या हुंदके देऊन रडल्या.

मग डोळे पुसून त्या शिवांगीकडे वळल्या.

"पोरी, आज शिफ्ट असली तरी लवकर झोप. ते दिसले तर म्हण, अकरावा मजला, खालच्या दारावरचा बझर एकशे सात."

"आजी, मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. पण सांग त्यांना. आणि म्हण, शनिवारच्या आत या."