ओला ठेवायचा केक
वाढदिवसाचा केक समोर आला की माझे हात गार पडतात. अंबरनाथच्या फॅक्टरीत ब्रोमाइड आणि अमाईन ही रसायनं जोडून झाली की फिल्टरमध्ये पॅलेडियम धातू लागलेला काळा कोळसा उरायचा, त्यालाही आम्ही केकच म्हणायचो. तो सुकला की आपोआप पेटतो, म्हणून पाणी मारत राहायचं. एका दुपारी पाणीच गेलं आणि केकच्या कडेला लाल ठिपके चमकले. माझ्या हातात टोल्युइनची बादली, ठिणगीनंही भडकणारी. "हलू नको रं," म्हणत शिफ्टच्या आगरी काकांनी पिण्याच्या पाण्याचा जार जवळच्या रिकाम्या पोत्यावर उपडा केला, ओलं पोतं अलगद केकवर अंथरलं आणि मग ओरडले, "तुझ्या आयशीला मी काय सांगितलं असतं?" आठवीत शाळा सोडून परभणीहून आलेल्या मला इथे घरच्यासारखं रागावणारं ते पहिलं माणूस. आईला यातलं मी अजून काही सांगितलेलं नाही.