मी दिलेला दुसरा ओटीपी

मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. प्रतिज्ञापत्र पक्षकाराने वाचले आहे की नाही, हे विचारल्याशिवाय मी कधी सहीसाठी कागद पुढे सरकवला नाही. आजही रत्नागिरीतल्या आमच्या आळीतले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यामुळे एका रविवारी मुलगा देवरूखहून आला आणि म्हणाला, "बाबा, एका कंपनीला कडक पत्र लिहायचंय," तेव्हा, खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला.

मुलगा तिथल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. मोबाइलवर तो एक खेळ खेळत असे: सामन्यापूर्वी दोन्ही संघांतले मिळून अकरा क्रिकेटपटू निवडायचे. ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण, आणि लावलेल्या पैशांवर बक्षीस. कंपनीने खाते गोठवले होते. नोटीस नाही, सुनावणी नाही. मी दोन परिच्छेद संतापाने लिहून काढले आणि सवयीप्रमाणे कंपनीच्या अटी मागितल्या.

"त्या कोणी वाचत नाही, बाबा."

मी छापून घेतल्या आणि तांबडी पेन्सिल हातात धरून वाचल्या. एका कलमात स्पष्ट होते: संघ खातेदाराने स्वतः निवडावा, प्रोग्रामकडून भरून घेऊ नये.

"तू कसा निवडायचास?"

त्याने मोठ्या अभिमानाने लॅपटॉप उघडला. कित्येक वर्षांचे डाव, खेळपट्ट्या, डावखुऱ्या गोलंदाजासमोर कोण कितीदा बाद झाला, सगळे त्यात होते. नाणेफेक झाली की प्रोग्राम शेकडो संघ जुळवून सामना सुरू होण्याआधी भरून टाकायचा.

"ह्यात नशीब नाही, बाबा. शुद्ध संभाव्यता."

"सामना तरी बघतोस?"

"बघायची गरजच काय?"

मला शिसारी आली. रिक्षा स्टँडवर बसून आपल्या आवडीचे अकरा गडी निवडणारी माणसे समोर, आणि हा यंत्र घेऊन त्यांच्याविरुद्ध बसलेला. याला तो कौशल्य म्हणत होता. ती माणसे एकमेकांशी खेळतात असे सांगून दोघांकडूनही आपला वाटा काढून घेणारी कंपनीही तेच म्हणत होती.

"खातेदार कोण?" मी विचारले.

त्याने लॅपटॉप मिटला. आत कोळंबी सोलत बसलेली पत्नी म्हणाली, "सांग की आता. उलटतपासणी चाललीय तुझी."

खातेदार मी होतो. त्याचे स्वतःचे खाते आधीच बंद झाले होते. आदल्या नोव्हेंबरात माझा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला त्याने मोबाइलवर भरला, त्याच बैठकीत माझ्याकडून दोन ओटीपी घेतले. दुसरा कशाला, हे मी विचारले नाही. आयुष्यभर लोकांना "वाचलंत का?" म्हणून छळणारा मी! संघाचे नावही त्याने 'शिरस्तेदार इलेव्हन' ठेवले होते.

मग पिशवीतून त्याने कंपनीचा प्रतिज्ञापत्राचा नमुना काढला. संघ मीच निवडले, असे शपथेवर लिहून दिले तर खाते मोकळे होणार होते.

"एक सही फक्त, बाबा."

"अहो, मिड-ऑन कुठे असतो ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" पत्नी दारात येऊन म्हणाली.

मी आधीचे दोन्ही परिच्छेद फाडले आणि नव्याने लिहिले: ओटीपी कशासाठी हे न विचारता मी तो दिला, एकही संघ मी निवडलेला नाही, कोणी निवडले हे मला ठाऊक आहे आणि विचारल्यास सांगेन, खाते कायमचे बंद करावे.

मुलाने वाचले. "पोटच्या मुलाविरुद्ध साक्ष देताय?"

"स्वतःविरुद्ध देतोय. ओटीपी मी दिला."

तो न जेवता एसटी पकडायला निघून गेला.

मी पत्राची प्रत कंपनीला मोबाइलवरून पाठवली. मिनिटभरात उत्तर आले: आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे, कृपया तारे द्या. तेही यंत्रानेच लिहिले असणार. मूळ पत्र मी त्यांच्या नोंदणीकृत कार्यालयाला टपालाने पाठवले. पोच आली, उत्तर आले नाही. पुढे पैशांचे असे खेळ कायद्यानेच बंद झाले. त्याचे मला समाधान वाटले नाही; माझ्या घरात तो कायदा आधीपासून असायला हवा होता.

नोव्हेंबरात मुलाचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिलाच.

"बाबा, हयातीचा दाखला भरायचाय ना? येऊ रविवारी?"

"ये," मी म्हटले. "कोळंबी आणून ठेवतो. दाखल्यावर मी बँकेत जाऊन सही केली आहे."