देवरेकाकूंची सहाची गोळी

“आण पाकीट इकडं, सही मीच करते. हे भाजी आणायला गेलेत,” असं म्हणत देवरेकाकूंनी हात पुढे केला आणि मी पेन द्यायचं विसरूनच गेले. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत निळा-जांभळा डाग पसरला होता.

“काकू, पडलात का कुठं?”

“नाय गं. पिशवीचा बंद घासला असंल.”

पिशवीच्या बंदानं एवढा डाग पडत नाही. मी त्यांना तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेला रक्त साकळलेलं होतं. माझ्या हातातल्या पाकिटात त्यांच्या रोजच्याच गोळ्या होत्या, फक्त डोस वाढवलेला होता. मी ते पाकीट परत पर्समध्ये टाकलं आणि त्यांच्याच फोनवरून डॉक्टरांना फोन लावला.

ही २००४ सालची गोष्ट. मी तेव्हा नाशिकला इंदिरानगरमधल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट होते. दुकानाचे मालक सुरेशभाऊ. त्यांना एकाएकी आधुनिक व्हायची हुक्की आली. त्यांनी कॉम्प्युटर आणला, ई-मेल आयडी काढला आणि बाहेर बोर्ड लावला: ‘ऑनलाइन ऑर्डर. औषधे घरपोच.’ ऑनलाइनही मीच आणि घरपोचही मीच. सकाळी मेल उघडायचे आणि संध्याकाळी घरी जाताना टू-व्हीलरवरून पाकिटं टाकत जायचे.

आमची ऑनलाइन गिऱ्हाइकं मोजून अकरा. बहुतेकांची मुलं परदेशात. देवरेकाका मनमाडला रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर त्यांनी नाशिकला फ्लॅट घेतला. मुलगा प्रशांत शिकागोला. काकूंचं प्रिस्क्रिप्शन बदललं की काका सायबर कॅफेत जाऊन ते स्कॅन करून मुलाला पाठवायचे, मुलगा ते तिकडून आम्हाला पाठवायचा आणि मी औषध घेऊन काकांच्या दारात. दुकान त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर.

“काका, थेट दुकानात येत जा ना,” मी एकदा म्हटलं होतं.

“अहो मॅडम, पोराला तेवढंच वाटतं, आईचं आपण काहीतरी करतोय. असू द्या वळसा.”

काकूंच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती. आपण व्हॉल्व्ह म्हणतो ती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. कमी पडली तर झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाते. जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहतं. त्यामुळे दर महिन्याला रक्त तपासून, ते किती पातळ आहे याचा आकडा काढतात आणि त्यावर डोस ठरवतात. नवरात्रानंतर काकूंचा आकडा एकदम खाली आला होता, म्हणून डॉक्टरांनी डोस जवळजवळ दुप्पट केला. प्रिस्क्रिप्शन शिकागोला जाऊन आलं, मी औषध दिलं. आणि आता तीन आठवड्यांत हा डाग.

डॉक्टरांनी गोळी बंद करून लगेच रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा आकडा भलताच वर गेलेला. ते फोनवर चिडूनच बोलले. “मॅडम, महिन्यापूर्वी फार कमी, आता फार जास्त. ही बाई गोळ्या नीट घेते की नाही? हे असं चाललं तर आज ना उद्या पॅरॅलिसिस नाहीतर ब्रेन हॅमरेज, दोन्हींपैकी एक ठरलेलं.”

मी सुरेशभाऊंना सांगितलं.

“ऑर्डर आली होती?” त्यांनी विचारलं.

“आली होती.”

“प्रिस्क्रिप्शनप्रमाणेच दिलं?”

“हो.”

“सही घेतली?”

“घेतली.”

“मग आपलं काय चुकलं?”

कागदोपत्री काहीच चुकलं नव्हतं. पण पूर्वी काकू स्वतः काउंटरवर यायच्या तेव्हा चार शब्द बोलायच्या, घाम आलेला दिसायचा, धाप लागलेली ऐकू यायची. गेलं वर्षभर मी दारातूनच पाकीट देत होते आणि सही घेऊन पळत होते. बहुतेक वेळा सहीदेखील काकांचीच. काकूंकडे नीट बघून किती महिने झाले होते, ते मला आठवेना. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले.

डॉक्टरांचा प्रश्न विचारल्याबरोबर काका उखडले. “नीट म्हणजे? रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मी स्वतः हिच्या हातावर गोळी ठेवतो! रेल्वेतला माणूस आहे मी. एक मिनिट इकडचं तिकडं होत नाही.”

त्यांचं खोटं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या उठल्या, देवघरातून एक पितळी डबी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. आत गोळ्या होत्या. काठोकाठ. काहींना कुंकू लागलेलं होतं.

काकांनी डबीतली एक गोळी उचलून निरखून पाहिली.

“हातावर घ्यायची आणि देवीपुढं ठेवायची,” काकू म्हणाल्या. “टाकून कशी द्यायची? प्रशांतनं पाठवलेल्या.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं आणि काकूंना एकेक दिवस विचारत गेले. सगळे सोमवार. दोन्ही एकादश्या. नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस, म्हणून तेव्हा आकडा खाली; त्यानंतर दुप्पट डोस जवळजवळ रोज पोटात गेला, म्हणून आता वर. काकूंचं माहेर सटाण्याकडचं आणि उपवास त्यांच्या तिकडच्या आजीच्या उपवासांसारखे कडक. सोमवारचा उपवाससुद्धा मंगळवारी सकाळी आंघोळ करूनच सोडायचा. म्हणजे गोळीची वेळ बदलूनही भागणार नव्हतं.

“अहो, पण उपवासाला औषध चालतं काकू! कुठल्याही गुरुजींना विचारा.”

“विचारलं. चालतं म्हणाले.”

“मग?”

“औषध चालतं गं. पीठ नाय चालत. तूच सांगितलं ना, औषध मोहरीएवढं अन् बाकी सगळं मक्याचं पीठ?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानात यायच्या बंद होण्याआधी एकदा काकू काउंटरवर घाबरून विचारत होत्या, रोज इतकं जालीम औषध पोटात जाऊन काही होणार नाही ना. त्यांना धीर द्यायला मी समजावून सांगितलं होतं की गोळीत खरं औषध चिमूटभरसुद्धा नसतं. तेवढंसं हातात कसं धरणार, म्हणून कंपनी त्यात भर घालते. साखरेसारखं काहीतरी आणि स्टार्च, म्हणजे मक्याचं पीठ. फार छान समजावलं होतं. काकू खूश होऊन घरी गेल्या. आणि मका धान्यात मोडतो, धान्य उपवासाला चालत नाही, म्हणून उपवासाच्या दिवशीची गोळी बंद झाली. त्यांच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती. चूक माझ्या शहाणपणात होती.

काका मला सोडायला जिन्यापर्यंत आले. खाली वाकून हळूच म्हणाले, “मॅडम, तिला सांगा ना, कंपनी बदलली. ही बटाट्याच्या पिठाची आहे. बटाटा चालतो तिला.”

मी दुकानात परत येऊन कंपनीच्या एमआरला, म्हणजे औषधांची माहिती द्यायला डॉक्टरांकडे आणि दुकानांत फिरतो त्या माणसाला, फोन केला. त्यानं ऑफिसात विचारून दुसऱ्या दिवशी कळवलं. मकाच होता. आता काका म्हणाले तसं बोलायचं तर एका वाक्याचं काम होतं. काकूंनी ते डोळे झाकून खरं मानलं असतं. तिथंच माझं पाऊल अडलं. माझ्या तोंडून सहज निघालेलं एक वाक्य धरून त्या बाईनं वर्षभर जिवाशी खेळ केला होता. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या घरचेही ठेवत नाहीत. अशा माणसाशी खोटं बोलायला जीभ वळेना.

संध्याकाळी मी पुन्हा गेले आणि काकूंच्या शेजारी जमिनीवरच बसले.

“काकू, मक्याचंच आहे. मी विचारून घेतलं.”

“मग झालं तर.”

“झालं नाही. तुम्ही गोळी सोडली तर व्हॉल्व्ह अडकेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. उपवास तरी सोडा, नाहीतर...”

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “माझ्यासाठी असते ना, तर आज सोडले असते. ते प्रशांतसाठी हायेत. तो तिकडं एकटा, बर्फातनं गाडी चालवतो. फोनवर सांगतो, आई, आज लय घसरत होती. तो गेला त्या सोमवारी धरले. आता मधीच सोडले अन् त्याला काय झालं तर? तू सांग.”

मी काय सांगणार? डी.फार्म.ला याचं उत्तर शिकवत नाहीत. मी उगाच कॅलेंडर चाळत बसले.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. कधीपासून कोण जाणे. ते म्हणाले, “पोरगा काय तुझ्या एकटीचा हाय?”

काकूंनी मान वर केली.

“सोमवार माझ्याकडं दे,” काका म्हणाले. “एकादश्या पण दे. तू जेव अन् गोळी घे.”

“तुम्ही?” काकूंना हसूच फुटलं. “साडेअकराला ताट दिसलं नाय तर घर डोक्यावर घेता तुम्ही! लग्न झाल्यापासून एक महाशिवरात्र तरी धरली का? मनमाडच्या क्वार्टरमध्ये मागच्या दारी भजी खायचे लपून. मला काय माहीत नव्हतं?”

“त्याचं सगळं उट्टं काढ आता. पण दे.”

एवढं बोलून काकांनी काकूंपुढे हात पसरला. काकूंचं हसू थांबलं. त्यांनी काकांकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्या उठल्या. काकांना देवघरापुढे पाटावर बसवलं, त्यांच्या उजव्या हातावर सुपारी ठेवली, वरून पळीभर पाणी सोडलं. “म्हणा, हिचे उपवास आजपासून माझे.” काकांनी म्हटलं. सुपारी देवीपुढे गेली आणि काकूंच्या चेहऱ्यावर गाठोडं खाली ठेवल्यासारखा भाव आला. इतकी वर्षं त्या एकट्याच ते वाहत होत्या, हे बहुधा काकांनाही त्याच दिवशी कळलं.

मी त्या रविवारी प्रशांतला सविस्तर मेल लिहिली. माझी चूक आधी लिहिली. त्याचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. पहिल्या ओळीत त्यानं मला माफ केलं होतं. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, नवरात्र बाबांना झेपणार नाही, ते मी करीन, आईच्या व्हॉल्व्हसाठी.

डॉक्टरांनी डोस पुन्हा पहिल्यासारखा केला. पुढच्या टेस्टला आकडा जागेवर आला, त्याच्या पुढच्या वेळीही तिथंच राहिला. हातावरचा डाग आधी हिरवा, मग पिवळा होत गेला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, काय जादू केलीत?” मी म्हटलं, पेशंटच्या नवऱ्याला उपाशी ठेवलं. ते हसले, त्यांना चेष्टा वाटली.

दुकानात मी ऑनलाइन ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: ‘उपवास कोणते?’ सुरेशभाऊ म्हणाले, “मेडिकल चालवतोय का मंदिर?” पण रकाना राहिला. पहिल्याच महिन्यात अकरापैकी चार घरांतून असं काही कळलं की मी तिथं दारातूनच परत फिरायचं बंद केलं. औषध दारात पोचलं की आपलं काम संपतं असं मला वाटायचं. ते दारातून पोटापर्यंत कसं जातं, हे बघायला आत जाऊन चहा घ्यावा लागतो.

जानेवारीत देवऱ्यांची महिन्याची मेल आली. काकूंच्या गोळ्या नेहमीप्रमाणे. खाली एक औषध वाढलं होतं: बाबांसाठी ॲसिडिटीचं, साबुदाण्याची खिचडी सोसत नाही म्हणून. मी दोन्ही घेऊन गेले तेव्हा नेमका सोमवार होता आणि सहाला दोन मिनिटं कमी होती. काकू पोळी-भाजी खाऊन ताट बाजूला सारत होत्या. काका समोर घड्याळाकडे बघत बसले होते. ठोका पडताच त्यांनी गोळी पुढे केली, काकूंनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि लहान मुलीसारखं तोंड उघडून दाखवलं.

“गेली?” काकांनी विचारलं.

“गेली.”

“बरं,” काका म्हणाले. “आता सकाळपर्यंत माझ्यासमोर भाजीचं नावसुद्धा काढू नकोस.”